विश्लेषण : ब्लीचिंग पावडर टाकूनही पाणी असुरक्षित का राहते?

जून २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुगाव तांडा येथे विहिरीचे दूषित पाणी पिऊन ९० हून अधिक ग्रामस्थांना पोटदुखी, उलट्या आणि जुलाबाचा त्रास झाला. पावसाळा सुरू झाला की मराठवाड्यात अशा बातम्या येऊ लागतात आणि मग सगळीकडे एकच सूचना दिली जाते, ‘पाण्यात टीसीएल टाका.’ टीसीएल म्हणजे ग्रामपंचायतीत पोत्याने असणारी ब्लीचिंग पावडर. ती जंतूंना नेमकी कशी मारते आणि केव्हा निष्प्रभ ठरते, हे समजून घेऊ.

क्लोरीन जंतूवर हल्ला कुठे करतो?

ब्लीचिंग पावडर पाण्यात मिसळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याचा रेणू लहान आणि विद्युतभाररहित असतो. त्यामुळे तो जिवाणूच्या भिंतीतून सहज आत शिरतो. आत त्याला सर्वाधिक सापडतात ती प्रथिने.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक पद्धतीने घडी घालून बसलेली असते आणि त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. अन्नातून ऊर्जा काढणे, भिंत दुरुस्त करणे, नवी पेशी घडवणे ही जिवाणूची सगळी कामे अशा प्रथिनांमार्फत होतात. हायपोक्लोरस आम्ल प्रथिनातील गंधकयुक्त भागांशी सर्वात वेगाने अभिक्रिया करते. घडी उलगडते, उलगडलेली प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. अंडे उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो, तसाच हा प्रकार. उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही आणि गुठळ्या झालेला जिवाणूही सहसा सावरत नाही. क्लोरीन पेशीचे आवरण आणि जनुकीय द्रव्य यांचीही हानी करतो, पण प्रथिने हे त्याचे मोठे लक्ष्य आहे.

जिवाणू प्रतिकार करतात का?

करतात. मिशिगन विद्यापीठातील उर्सुला याकोब आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘सेल’ या शोधपत्रिकेत याबद्दल संशोधन प्रसिद्ध केले. जिवाणूत ‘एचएसपी-३३’ नावाचे एक प्रथिन असते. ब्लीचचा संपर्क आला की ते सक्रिय होते आणि इतर प्रथिनांच्या गुठळ्या होऊ देत नाही. मात्र ही ढाल मर्यादित आहे. क्लोरीन पुरेसा असेल आणि पुरेसा वेळ मिळाला तर ती टिकत नाही. मात्रा कमी पडली किंवा पाणी लगेच उपसले, तर काही जंतू वाचतात.

मग पावडर टाकूनही घात कुठे होतो?

पहिले कारण गढूळपणा. क्लोरीनला जंतूचे प्रथिन आणि कुजलेल्या पाल्याचे प्रथिन यांतला फरक कळत नाही. शेवाळ, शेण, पालापाचोळा, गाळ यांवर तो खर्च होतो आणि जंतूंपर्यंत पोहोचतो तेव्हा फारसा उरलेला नसतो. शिवाय गाळाच्या कणांआड जंतू लपून राहतात. म्हणूनच आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसवायचा आणि मग क्लोरीन द्यायचा, हा क्रम महत्त्वाचा.

दुसरे कारण वेळ. क्लोरीनला किमान अर्धा तास द्यावा लागतो. टाकीत पावडर टाकली आणि पाचव्या मिनिटाला नळ सोडला, तर उपयोग नाही.

तिसरे कारण शिळी पावडर. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की तो उडून जातो. पावडर पांढरीच दिसते, पण तिच्यातला जोर गेलेला असतो.

मात्रा किती?

स्वच्छ दिसणाऱ्या १,००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची सुमारे २.५ ग्रॅम पावडर, हे ढोबळ प्रमाण आहे. म्हणजे १२,००० लिटरच्या टँकरला ३० ग्रॅम. पावडरची ताकद निम्मी झाली असेल तर ६० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर मात्रा चाचणी करूनच ठरवावी लागते. कोरडी पावडर विहिरीत थेट फेकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी विहिरीत मिसळावे.

लातूरच्या टँकरचा धडा काय?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत १० वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. टंचाईत पाणी असे हातोहात फिरते. टँकर, पाइप, पिंप, घागर अशा प्रत्येक टप्प्यावर नवे जंतू मिसळू शकतात. म्हणून आधीचे जंतू मेल्यानंतरही पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असावा लागतो. भारतीय मानकानुसार हे प्रमाण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे ०.५ मिलिग्रॅम. ओटी चाचणीत पाणी पिवळे होते, ते या शिल्लक क्लोरीनमुळेच. ही चाचणी टाकीजवळ नव्हे, तर शेवटच्या घराच्या नळावर करायला हवी.

घरी काय करावे?

पिंपातल्या २०० लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम पावडर घरी मोजता येत नाही. त्याऐवजी आरोग्य विभागाकडून मिळणारे मेडिक्लोर किंवा क्लोरीनची गोळी वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरावी. गढूळ पाणी आधी तुरटीने निवळून, गाळून घ्यावे. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत. त्यामुळे साथ सुरू असताना पाणी उकळणे सर्वात खात्रीचे. उष्णतासुद्धा प्रथिनांची घडीच मोडते. ब्लीचिंग पावडर आणि शौचालय धुण्याचे आम्ल मात्र कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गावात साथ आली की ‘टीसीएल टाकली होती का?’ एवढेच विचारले जाते. त्यापुढचे प्रश्नही ग्रामसभेत विचारता येतात. पोते कधीचे होते, पाणी निवळले होते का, किती वेळ थांबलात आणि शेवटच्या नळाचे पाणी पिवळे झाले का?