ड्यूररच्या ठसाचित्रांतील देवता कोणती?

न्यूरेंबर्ग येथील चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानें इ. स. १५०१-०२ च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर ठसविलेल्या एका चित्राचा येथें विचार करावयाचा आहे. त्यांत एक सपक्ष, विवस्त्र स्त्री गोलावर उभी असून तिच्या एका हातीं झांकणाचा पेला व दुसऱ्या हातीं घोड्याचा लगाम आहे. खालीं ढगांचा पट्टा व त्याखालीं आल्प्स पर्वतांतील क्लाउझेन हें गांव दिसतें.

चित्रावर देवतेचें नांव नाहीं. त्यामुळें पुढील सूचिकारांनीं तिला ‘मोठी भाग्यदेवता’ ठरविलें. आधार काय, तर पायांखालचा गोल. रोमन लोकांची फोर्च्यूना चंचल, म्हणून तिला अस्थिर गोलावर दाखवीत. परंतु भाग्यदेवतेच्या हातीं लगाम कां असावा, याचा उलगडा त्या मतानें होत नाहीं.

तो दोन पुराव्यांनीं होतो. इ. स. १५२०-२१ च्या नेदर्लंड प्रवासाच्या रोजनिशींत, दिलेल्या चित्रांची नोंद करितांना, ड्यूरर स्वतः ‘नेमेसिस’ हें नांव लिहितो. दुसरें, इटालियन पंडित पोलित्सिआनो याच्या ‘मांतो’ या १४८२ च्या लॅटिन काव्यांतील नेमेसिस अंतराळीं असून तिला पंख आहेत व हातीं लगाम आणि पात्र आहे. हा संबंध कार्ल गीलो यानें १९०२ सालीं दाखविला.

नेमेसिस ही ग्रीकांची मर्यादारक्षक देवता. हेसिअड तिला रात्रीची कन्या म्हणतो. अ‍ॅटिकांतील ऱ्हाम्नूस येथें तिचें मंदिर होतें. इ. स. पू. ४९० त मॅरॅथॉनवर उतरलेल्या इराण्यांनीं विजयचिन्हासाठीं आगाऊ आणलेल्या संगमरवराचीच तेथील मूर्ति घडविली, असें पौसेनिअस सांगतो. तेव्हां लगाम उन्मत्तास आवरण्यासाठीं व पेला योग्यास पारितोषिक देण्यासाठीं, असा अर्थ आम्हांस सयुक्तिक वाटतो.

विष्णूच्या चोवीस मूर्तींत शंख, चक्र, गदा, पद्म हीं समानच असतात. केशव कीं माधव, हें आयुधांच्या क्रमावरून ठरतें. तोच न्याय येथें लागू पडतो. समान लक्षणावरून नांव देऊं नये. भेदक लक्षण व कर्त्याचा लेख पाहावा. नांव चुकलें कीं अर्थहि उलटतो. भाग्यदेवता म्हटल्यास हें चित्र आंधळ्या दैवाचें होतें. नेमेसिस म्हटल्यास तें डोळस न्यायाचें ठरतें.