डब्यातलं इंजिन

मोहोळ स्टेशनात सोलापूर-मुंबई वंदे भारत थांबत नाही. कुर्डुवाडीच्या थांब्याकडे ती वेगाने निघून जाते आणि फलाटावरची लहान मुलं तिच्यात इंजिन शोधत राहतात. ते दिसत नाही, कारण या गाडीच्या निम्म्या डब्यांखालीच मोटारी बसवलेल्या आहेत. मोहोळला रेल्वे आली १८६० साली आणि त्याच वर्षी ती पुढे सोलापूरला पोचली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आपण एकच रचना पाहत आलो: पुढे इंजिन, मागे डबे. पण प्रवासी डब्यातच इंजिन बसवायची कल्पना मोहोळच्या रुळांहूनही जुनी आहे.

१८४७ साली इंग्लंडमध्ये जेम्स सॅम्युअल या अभियंत्याने वाफेवर चालणारी एक छोटी गाडी रुळांवर आणली. लगेच पुढच्या वर्षी विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स यांनी ‘फेअरफील्ड’ बांधली. तिच्यात इंजिन आणि प्रवाशांची बाकं एकाच सांगाड्यावर होती. कारण सरळ हिशेबाचं होतं. आडमार्गावर प्रवासी मूठभर असतात. त्यांच्यासाठी भलंमोठं इंजिन धावलं, तर कोळसा मुख्यतः इंजिनाचंच वजन ओढण्यात जळतो. मग इंजिनच लहान करून डब्यात का घेऊ नये?

उभा बॉयलर

खरी अडचण जागेची होती. नेहमीच्या इंजिनाचा बॉयलर आडवा आणि लांब. तो डब्यात घेतला तर माणसं बसणार कुठे? म्हणून बॉयलर उभा केला. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९०३ ते १९०८ या काळात अशा ९९ वाफगाड्या बांधल्या. डब्याच्या एका टोकाला छोटी खोली, तिच्यात उभा बॉयलर, आणि खालच्या चार चाकांच्या बोगीलाच वाफेचे सिलिंडर जोडलेले. उरलेल्या डब्यात प्रवासी.

दुसऱ्या टोकालाही चालकासाठी खोली होती. परतताना चालक तिथे जाऊन उभा राही आणि डब्याच्या लांबीभर नेलेल्या दांड्यांच्या साहाय्याने वाफ कमी-जास्त करी. कोळसा घालणारा फायरमन बॉयलरपाशीच थांबे. त्यामुळे शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडा, फिरवून आणा, पुन्हा जोडा, हा खटाटोप संपला. जिथे फलाट नव्हता, तिथे उतरण्यासाठी घडीच्या पायऱ्या होत्या.

लोकांना ही गाडी आवडली आणि तिथेच ती अडली. गर्दी वाढल्यावर मागे एक डबा जोडावा लागला. पण उभ्या बॉयलरमध्ये वाफेचा साठा बेताचा, आणि जोर लावणारी चाकं चारच. चढ लागला की वाफ पुरेना आणि चाकं घसरू लागत. शिवाय बॉयलरची दुरुस्ती निघाली की बाकंही त्याच्याबरोबर कारखान्यात अडकत. कोळशाच्या शेडमध्ये मुक्काम करणारा डबा प्रवाशांसाठी स्वच्छ ठेवणं हेही कष्टाचंच काम. पुढे यातल्या बऱ्याच गाड्यांमधून बॉयलर काढून त्यांचे साधे डबे केले गेले.

बार्शी लाइटचं उत्तर

थोडक्या वाहतुकीसाठी स्वस्त रेल्वे कशी बांधायची, हा प्रश्न आपल्या सोलापूर जिल्ह्यातही होता. त्याचं उत्तर एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने दिलं. कुर्डुवाडीचं स्टेशन तेव्हा बार्शी रोड म्हणून ओळखलं जाई. तिथून बार्शीपर्यंत त्यांची अडीच फुटी रुळांची ‘बार्शी लाइट’ १८९७ मध्ये सुरू झाली. तिच्यात इंजिन वेगळं आणि डबे वेगळेच होते. कॅलथ्रॉप यांनी वजनाचा विचार दुसऱ्या बाजूने केला. इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये, हा त्यांचा नियम. त्यासाठी डब्यांचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे केले. इंजिनाला जोर लावणारी आठ चाकं आणि मागे भार वाटून घेणारी आणखी चार. भार असा विभागला गेल्यामुळे हलके, स्वस्त रूळही पुरले.

१९०६ मध्ये ही गाडी पंढरपूरला पोचली, तेव्हा सुट्या इंजिनाच्या या रचनेचं मोल कळलं. एरवीचा दिवस आणि आषाढी-कार्तिकीची गर्दी यांचं मोजमाप एका मापाने होत नाही. इंजिन पोटात घेतलेल्या एकट्या डब्याला वारीच्या दिवसांत वाढता येत नाही. इंजिन सुटं असलं, तर त्याला झेपतील तितके डबे मागे लावता येतात. पुढे बार्शी लाइट लातूर आणि मिरजेपर्यंत गेली, १९५४ मध्ये सरकारकडे आली, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिच्या मार्गावर टप्प्याटप्प्याने रुंद रूळ पडले.

बॉयलर उतरला

मग वाफगाडीची कल्पना चुकीची होती का? मला तसं वाटत नाही. तिच्या पाठीवरचं ओझं चुकीचं होतं. पाणी, कोळसा, आग आणि बॉयलर हे सगळं तिला प्रवाशांसोबत वागवावं लागे. विजेने ते ओझं उतरवलं. शक्ती वरच्या तारेतून येऊ लागली, मोटार डब्याखाली मावली आणि जोर लावणारी चाकं गाडीभर पसरली. कॅलथ्रॉप यांनी भार अनेक आसांवर वाटला, विजेच्या गाडीने जोर वाटला. आता मोटारीचे डबे वाढवले की त्यांच्याबरोबर गाडीचा जोरही वाढतो. ग्रेट वेस्टर्नच्या वाफगाडीला नेमकं हेच जमलं नव्हतं.

मोहोळच्या फलाटावर मुलाने विचारलं, "इंजिन कुठाय?" तर त्याला डब्यांखाली बोट दाखवावं. आणि हेही सांगावं, की ते डब्यातच बसवण्याचा पहिला प्रयत्न झाला, तेव्हा आपल्या गावात अजून रूळही पडले नव्हते.