हॉर्न्स रेव्ह : ऐंशी पवनचक्क्यांचा शेजार

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यापासून १४ ते २० किलोमीटर आत, उत्तर समुद्रातील उथळ वाळूच्या पट्ट्यावर, २००२ साली हॉर्न्स रेव्ह नावाचा जो पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला, त्यात प्रत्येकी २ मेगावॉटच्या ८० चक्क्या असून, पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ८० मीटर आणि दोन शेजारणींमधील अंतर त्याच्या सातपट, म्हणजे ५६० मीटर आहे. पाहणाऱ्याला हे अंतर ऐसपैस वाटते; वाऱ्याला ते पुरत नाही.

१२ फेब्रुवारी २००८ च्या सकाळी थंड, दमट हवा समुद्रावर अशा बेताने पसरली होती की, चक्क्यांनी ढवळलेल्या वाऱ्यात धुके दाटून त्याचे एरवी अदृश्य असणारे लांबच लांब पट्टे मागच्या चक्क्यांवर जाऊन आदळताना स्पष्ट दिसले, आणि हेलिकॉप्टरमधून टिपलेले ते छायाचित्र या शास्त्राच्या अभ्यासकांत जगभर प्रसिद्ध झाले. वाऱ्यातील ऊर्जेपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक वाटा कोणतीही चक्की काढून घेऊ शकत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिले. परंतु जेवढा वाटा ती घेते तेवढ्याने मागचा वारा मंदावतो, आणि शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्यामुळे वेग १० टक्क्यांनी घटला तरी शक्ती २७ टक्क्यांनी उणावते. मध्यम वारा नेमका ओळीच्या रोखाने वाहू लागला की दुसऱ्या चक्कीच्या पदरात पहिलीच्या मानाने साधारण ६० ते ६५ टक्केच शक्ती पडते. सर्व दिशांचा मिळून हिशेब मांडला तेव्हा या प्रकल्पाची एकंदर तूट सुमारे १२ टक्के भरली.

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ते हे की, ज्या सपाट, मोकळ्या समुद्राच्या ओढीने चक्क्या तिकडे गेल्या, त्याचा सपाटपणाच येथे आड येतो. जमिनीवर झाडी, घरे, टेकड्या यांनी हवा घुसळली जाऊन वरचा ताजा वारा लवकर खाली उतरतो. समुद्रावर ही घुसळण मंद असल्याने थकलेला वारा थकलेलाच दूरवर जातो.

चक्क्या आणखी पांगवाव्यात, तर समुद्रतळावरील केबलचा खर्च आणि प्रकल्पाची हद्द दोन्ही वाढतात. जेथे वारा बहुतांशी एका दिशेचा, जसा सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात पश्चिमेचा, तेथे वाऱ्याला आडवी ओळ दाट व तिच्यामागची ओळ लांब ठेवण्याची तजवीज करता येते. उत्तर समुद्रात तो वर्षभरात सर्व दिशांनी येतो. डेन्मार्कच्याच रिसो प्रयोगशाळेतील एन. ओ. जेन्सन यांनी मागचा वारा अंतरागणिक शंकूसारखा रुंदावतो असे मानून १९८३ साली मांडलेले साधे गणित आराखडे आखताना अजूनही उपयोगी पडते.

रोवलेली चक्की हलवता येत नाही. तिचे तोंड मात्र फिरवता येते. वर्षानुवर्षे प्रत्येक चक्कीच्या नियंत्रकाला एकच हुकूम असे, की वाऱ्याला थेट सामोरे राहून आपल्यापुरती अधिकाधिक शक्ती काढावी. आता पुढची चक्की मुद्दाम काही अंश तिरपी ठेवली, तर तिचे स्वतःचे थोडे नुकसान होते, पण तिच्या मागचा दुबळा वारा बाजूला कलून पुढे जातो आणि मागच्यांना ताजा वारा लाभतो. मासाच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेचे मायकेल हाउलँड आणि त्यांचे सहकारी यांनी भारतातील एका पवनऊर्जा प्रकल्पात हा प्रयोग केला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे उत्पादन एकंदरीत १.२ टक्के, आणि सेकंदाला ६ ते ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात ३ टक्के वाढले. चक्क्या होत्या तेथेच आणि होत्या तशाच ठेवून, केवळ नियंत्रकांना दिलेला तो जुना हुकूम पालटून हे साधले.