व्हिडिओ मुलाखत: चेहऱ्याआधी आवाज

व्हिडिओवर मुलाखत ठरली की मुलं आधी इस्त्रीचा शर्ट शोधतात आणि मागची भिंत मोकळी करतात. नीट दिसलो की निम्मं काम झालं, असा समज असतो. खरं तर चित्र जरा अंधूक असलं तरी मुलाखत घेणारे चालवून घेतात, पण वाक्य तुटक ऐकू आलं तर उत्तर वायाच जातं. खिडकी पाठीमागे न ठेवता समोर घेतली की चेहऱ्याचं काम पाच मिनिटांत होतं. बाकीचा वेळ आवाजाला द्यावा.

‘माझ्याकडे महागडे ब्लूटूथ इअरबड्स आहेत, आवाजाची काळजी नाही.’ काळजी इथेच घ्यायला हवी. गाणी ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो. माइक सुरू झाला की तो दोन्हीकडे न्यावा लागतो आणि नेहमीचं ब्लूटूथ हलक्या दर्जावर उतरतं. गाण्यासाठी सेकंदाला साधारण 44,100 वेळा टिपला जाणारा आवाज मग 16,000 वेळा, जुन्या उपकरणांत 8,000 वेळाच टिपला जातो. म्हणून बोलणं दबलेलं ऐकू येतं. साधे वायरचे इअरफोन इथे सरस ठरतात, शिवाय त्यांचं चार्जिंग संपत नाही.

‘घरी शंभर एमबीपीएसचं नेट आहे.’ हा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. तुमचा आवाज आणि चेहरा अपलोडने जातो. दोघांच्या कॉलमध्ये एचडी चित्रासाठी झूमला साधारण 1.2 एमबीपीएस पुरतात. त्यामुळे गावाकडच्या मुलांनी वेगाच्या आकड्याला घाबरू नये. घोळ होतो तो नेट अडखळल्याने. आवाज पोचायला 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. उशीर त्यापुढे वाढत गेला की दोघं एकदम बोलू लागतात आणि उमेदवार उगाच उद्धट वाटतो. प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबून बोला. या थांबण्याला कुणी मंदपणा समजत नाही.

स्क्रीनवर उत्तरं चिकटवून वाचली तर कळत नाही, हाही भ्रम. डोळे ओळीबरोबर सरकतात, आवाज सपाट होतो. कागदावर चार मुद्दे असू द्यावेत, वाक्यं नकोत.

प्रश्न स्क्रीनवर येतात आणि उत्तरं रेकॉर्ड करायची असतात, अशा मुलाखतीत संगणक चेहरा वाचून गुण देतो, म्हणून सतत हसत राहावं, असा सल्ला अजून फिरतो. या क्षेत्रातल्या हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने चेहऱ्याचं विश्लेषण थांबवल्याचं जानेवारी 2021 मध्येच जाहीर केलं. तिथे तपासणी होते ती उत्तरातल्या शब्दांची.

आणि वीज गेली म्हणजे नोकरी गेली, असं अजिबात नाही. गप्प बसणं मात्र नडतं. एचआरचा नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशी लॅपटॉपला जोडून पाहा, आणि कॉल तुटला तर लगेच फोन करून ‘वीज गेली आहे, मोबाइलवरून जोडतो’ एवढंच सांगा.