टाकीवर नाव दुकानाचं, पोटात इंजिन भलत्याचंच

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार.

गोष्ट सुरू होते आमच्या चिखलीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून. तिथे आजोबांची बजाज 150 उभी आहे. साठच्या दशकातली, डावी मूठ पिळून गियर टाकायची, सीटखाली उंदरांचा संसार. मागच्या दिवाळीत एक भंगारवाला आला आणि किलोवर भाव सांगायला लागला. बाबा जवळजवळ तयार झाले होते. मी म्हटलं, थांबा, आधी हिच्यासारखी दुसरी कुठे आहे का बघतो. मोबाईलवर शोधायला बसलो तर एक फोटो सापडला. तोच गोल पार्श्वभाग, तेच हँडल, पण पुढे नाव काय, तर ‘ऑलस्टेट’! मला आधी वाटलं कुणीतरी बजाजची पट्टी काढून मजा केलीय.

मजा नव्हती. ती स्कूटर अमेरिकेत विकली गेली होती आणि तीसुद्धा कॅटलॉगमधून.

सियर्स हे तिथलं अवाढव्य दुकान. त्यांचा जाडजूड कॅटलॉग घरोघरी जायचा. शेतकऱ्याने पानं उलटायची, शर्ट, शिलाई मशीन, कुंपणाची तार असं काय हवं ते निवडायचं आणि पत्र टाकायचं. त्याच पानांमध्ये मोटारसायकलीही असायच्या. पहिल्या महायुद्धाच्या आधीच सियर्सने स्वतःच्या नावाने मोटारसायकल विकून पाहिली होती. पण खरा बहर आला तो 1950 आणि 60 च्या दशकांत. गाडी लाकडी खोक्यात बंद होऊन यायची. हँडल वगैरे बसवायचं काम घेणाऱ्याचं. चाचा-काका, शेजारी, पाने घेऊन अंगणात जमत असतील, आपल्याकडे पंप बसवताना जमतात तसे.

आता गंमत ऐका. सियर्सचा स्कूटरचा कारखानाच नव्हता. ‘ऑलस्टेट’ हे त्यांनी आधी मोटारीच्या टायरला दिलेलं नाव, मग 1931 साली विमा कंपनीला तेच दिलं, आणि पुढे दुचाक्यांवर चिकटवलं. स्कूटर बनवायची इटलीची पियाजिओ, म्हणजे ती मुळात व्हेस्पा. मोटारसायकली आणि मोपेड यायच्या ऑस्ट्रियाच्या पुखकडून. दुसरं मोठं दुकान, माँटगोमरी वॉर्ड, इटलीच्या बेनेल्लीच्या गाड्या ‘रिव्हरसाइड’ नावाने विकायचं. म्हणजे टाकीवरचं नाव फक्त विकणाऱ्याचं.

मग ओळखायचं कसं? सियर्सच्या मॉडेल नंबरात चोर सापडतो. सुरुवातीला 788 असेल तर व्हेस्पा, 810 असेल तर पुख. जुन्या गाड्यांचे शौकीन आधी हा आकडा बघतात, रंग नंतर. कारण सुटा भाग ‘ऑलस्टेट’च्या नावाने शोधला तर हात हलवत परत यावं लागतं, पुखच्या नावाने शोधला की मिळण्याची आशा.

त्या पुखच्या 250 सीसीबद्दल दोन मिनिटं जास्त घेतो, कारण असलं इंजिन तुम्ही पाहिलं नसणार. त्यात पिस्टन दोन, पण ज्वलनाची जागा एकच. साध्या टू-स्ट्रोकमध्ये एकच पिस्टन वर-खाली होताना ताजं मिश्रण आत घेतो आणि जळालेला धूर बाहेर सोडतो. दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या राहतात, म्हणून थोडं कोरं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. पुखने कामं वाटून दिली. एक पिस्टन आत येणारी वाट सांभाळतो, दुसरा बाहेर जाणारी, आणि दोघे किंचित मागे-पुढे चालतात. नासाडी कमी. अमेरिकेतल्या पोरांनी ट्विन आणि सिंगल यांची खिचडी करून त्याला ‘ट्विंगल’ म्हटलं.

हे सगळं बुलढाण्यापासून फार लांबचं वाटतंय? मग हे बघा. बजाजने 1948 मध्ये बाहेरून दुचाक्या आणून विकायला सुरुवात केली, 1959 मध्ये बनवायचा परवाना मिळाला, आणि पियाजिओशी करार करून व्हेस्पा पुण्यात तयार व्हायला लागली. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 ला चेतक आली, तीही व्हेस्पाच्याच वळणाची. म्हणजे अमेरिकेतली ऑलस्टेट आणि आमच्या शेडमधली बजाज सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी नक्की. आणि पुख? 1988 मध्ये आलेली ‘हिरो पुख’ मोपेड आठवते का घरातल्या मोठ्यांना, विचारा. तेच ऑस्ट्रियाचं घराणं.

फरक होता तो मिळण्यात. तिकडे पान उलटलं, ऑर्डर दिली, खोकं आलं. आपल्याकडे व्ही.पी.ने घड्याळ किंवा रेडिओ मागवता यायचा, पण स्कूटर? सरकारने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त बनवायचीच नाही, त्यामुळे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. शिवाय खोकं येणार कुठे, बुलढाणा शहराला तर रेल्वेच नाही. मलकापूरला उतरवून राजूर घाट चढवत आणावं लागलं असतं. आजोबांचा नंबर लागला तेव्हा घरात पेढे वाटले होते, असं आजी सांगते. मला वाटतं, कॅटलॉगवाल्या अमेरिकन माणसाला खोकं उघडताना तेवढा आनंद झाला नसेल.

यादीतून गाडी घ्यायची पद्धत आपल्याकडे पूर्ण नव्हतीच असं नाही. फौजी घरातल्यांना माहीत असेल: सीएसडी म्हणजे मिलिटरी कॅन्टीनच्या यादीत मोटारसायकलीही असतात. त्या तिथे मांडून ठेवलेल्या नसतात. यादीतून निवडायची, पैसे भरायचे, मंजुरीचा कागद घेऊन डीलरकडे जायचं. करात सवलत मिळते. 2021 पासून हे ऑनलाइनही होतं. बाकीच्यांसाठी आता शॉपिंग अ‍ॅपवर चेतक दिसते, इलेक्ट्रिक असली तरी नाव तेच.

आता आमच्या शेडकडे परत. जुलै 2021 पासून केंद्र सरकारचा नियम आहे: पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा कार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर कायम ठेवता येतो. नव्याने नोंदणी होत असेल तर 20,000 रुपये लागतात, ती 10 वर्षं चालते, पुढच्या वेळी 5,000. पण अशी गाडी रोज खामगावच्या बाजाराला न्यायची नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

म्हणून एक कळकळीचं सांगणं: गाडी नंतर धुवा, आधी आरसी बुक शोधा. आमचं सापडलं, गव्हाच्या कोठीमागच्या पेटीत, आजोबांच्या कापूस विक्रीच्या पावत्यांसोबत. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण चासी नंबर वाचता येतो. रविवारी बाबा आणि मी टॉर्च घेऊन शेडमध्ये गेलो. गाडीवरचा नंबर ग्रीसच्या थराखाली होता. रॉकेलच्या बोळ्याने अर्धा तास घासल्यावर पहिले चार आकडे जुळले. बाकीचे या रविवारी.

तुमच्या गोठ्यात, माळवदाखाली काही उभं असेल तर फोटो पाठवा. टाकीवरच्या नावाचा नको, इंजिनावर कोरलेल्या आकड्यांचा.