छत्तीस फुटांच्या दोन नौका

नेकनूरच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाही. दात बघतो, खूर बघतो, दहा पावलं चालवून पाहतो. मनात मात्र एकच हिशेब असतो : आपलं रान काळं आहे की मुरमाड? शिडाची नौका घेतानाही हिशेब हाच. बीडच्या माणसानं नौकांवर बोलावं याचं कुणाला हसू येईल. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे सिंदफणेवरचं माजलगावचं धरण. पण नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ मोहिमेमागचे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत, आणि तिथूनही समुद्र दिसत नाही.

त्याच मोहिमेतून पुढे आलेले अभिलाष टॉमी. 2012-13 मध्ये ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढं ‘गोल्डन ग्लोब’ या शर्यतीसाठी त्यांना दोनदा नौका निवडावी लागली, आणि त्या दोन निवडींमध्ये शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

शर्यतीची अट अशी की नौका 32 ते 36 फुटांची, जुन्या घडणीची हवी. उपग्रहावरून दिशा दाखवणारी साधनं वापरायची नाहीत. 2018 साली टॉमींनी घेतली ‘थुरिया’. गोव्यात बांधलेली, 32 फुटांची, दोन डोलकाठ्यांची लाकडी नौका. ती ‘सुहेली’ची प्रतिकृती होती. मूळ सुहेली मुंबईतच, सागवानात बांधलेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1969 मध्ये 312 दिवसांत जग फिरून आले. भावनेनं पाहिलं तर याहून सुंदर निवड नाही.

सप्टेंबर 2018 मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात थुरिया उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या मणक्यांना जबर मार बसला. हलताही येईना. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. लगेच ‘लाकडी होती म्हणून’ असा निकाल देऊ नका. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनच्या फायबरच्या 36 फुटी नौकेचीही डोलकाठी गेली. त्या वर्षीचे पहिले तिन्ही क्रमांक मात्र एकाच जातीच्या नौकांनी पटकावले : ‘रस्लर 36’. त्यातली विजेती नौकाही वाटेत आडवी झाली होती, डोलकाठीला इजा झाली होती, पण काठी उभी राहिली.

मणक्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर टॉमी 2022 च्या शर्यतीत उतरले ते रस्लर 36 घेऊनच. तिचं नाव ‘बायानत’. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफर यांनी मात्र वेगळी नौका निवडली : ‘केप जॉर्ज 36’ जातीची ‘मिनेहाहा’. कागदावर दोन्ही छत्तीस फुटी. खरी तुलना इथून सुरू होते.

नौकेची एकूण लांबी फसवी असते. तिची नाळ आणि मागचा भाग पाण्याबाहेर झुकलेले असतात. धावताना कामाची ती पाण्याला टेकलेली लांबी. रस्लरची ही लांबी सुमारे 27 फूट, केप जॉर्जची साडेएकतीस. अशा जड नौकांचा कमाल वेग काढायचा एक ढोबळ नियम आहे : या फुटांचं वर्गमूळ काढा, 1.34 नं गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. रस्लरला मिळतात जवळपास 7 नॉट, केप जॉर्जला साडेसात. म्हणजे ताशी जेमतेम एक किलोमीटरचा फरक. पण चोवीस तास, सातआठ महिने चालायचं असेल तेव्हा हा जेमतेम फरक कुठल्या कुठं जातो!

दुसरं, वजन. रस्लर साडेसात टनांच्या वर, केप जॉर्ज साडेदहा टनांच्या वर. तळाशी शिसं भरलेलं असतं, तेच नौका कलंडली की तिला पुन्हा उभी करतं. दोन्हींत हे शिसं एकूण वजनाच्या 45 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे त्या बाबतीत डावं-उजवं करता येत नाही. जड नौका वर्षभराचं अन्नपाणी पोटात घेऊनही फारशी बसत नाही; पण तिला शीड मोठं लागतं, नांगर जड लागतो, आणि ओढणारे हात दोनच.

शर्यतीला 16 जण निघाले, मुख्य गटात पूर्ण केली तिघांनी. 27 एप्रिल 2023 रोजी मिनेहाहा पहिली आली, दोन दिवसांच्या आत बायानत दुसरी. नॉइशेफर यांनी तर वाटेत वळसा घेऊन, नौका बुडाल्यानं तराफ्यावर असलेल्या टॅपिओ लेहटिनेन यांना वाचवलं होतं. मला विचाराल तर महासागरासाठी मी केप जॉर्जकडे झुकेन. पण ज्याच्या मणक्यात धातूच्या सळ्या आहेत, त्यानं तीन टन हलकी, आणि आधीच्या शर्यतीत पारखून निघालेली नौका घेतली यात मला मोठा शहाणपणा दिसतो.

आकडे जुळले की मग जनावर तपासायचं. अशा नौका बहुधा जुन्याच मिळतात. फायबरच्या अंगावर लहान हातोडीनं ठोकत जायचं. आवाज पोकळ आला की आतले थर सुटलेत. पाण्याखालच्या भागावर फोड आलेत का पाहायचं. सगळ्यात आधी डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा आणि त्या जिथं नौकेला जोडल्यात त्या पट्ट्या : तिथं गंज असेल तर गाद्या कितीही नव्या असोत, भाव निम्म्यानं पाडा नाहीतर घरी या. शेवटी वाऱ्यात चालवून पाहायची, तीही हवा जरा बिघडलेली असताना.

आणि मुंबई ते गोवा एवढंच फिरायचं असेल? मग पाण्यावरच्या लांबीचा सगळा हिशेब मागं पडतो. कोकणातल्या पुष्कळ खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात. रस्लरला तरंगायला साडेपाच फूट पाणी लागतं, केप जॉर्जला पाच. ओहोटीच्या वेळी त्या अर्ध्या फुटासाठी एकजण खाडीत शिरलेला असतो आणि दुसरा बाहेर भरतीची वाट पाहत नांगर टाकून बसलेला.