शास्त्रज्ञ कोणाला म्हणावे?

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे मृग बहारासाठी संत्र्याच्या झाडांना ताण देतात. पाणी किती दिवस तोडायचे, हे जाणता बागवान जमीन आणि पाने पाहून ठरवतो. वाचकहो, त्याला शास्त्रज्ञ म्हणावे का?

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत त्यांना काही निराळे लोंब दिसले. ते त्यांनी जपून ठेवले, पुढल्या हंगामात वेगळे पेरले आणि अनेक वर्षे निवड करीत वाण स्थिर केले. तेच ‘एचएमटी’ धान. नाव मिळाले त्या काळच्या गाजलेल्या घड्याळाचे. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित केले, तेव्हा श्रेय कोणाचे, हा वाद उभा राहिला.

निराळा लोंब दिसणे हा योग. तो वेगळा पेरून, दरसाल पारखून, इतरांच्या शेतातही तसाच येतो हे दिसू देणे, हे शास्त्र. पदवीला मोल आहेच. ती ही शिस्त आणि साधने लवकर हाती देते. पण शिस्त नसेल तर पदवी नुसती भिंतीवर राहते.

मग आपला बागवान? त्याने एका ओळीला कमी, दुसरीला जास्त ताण दिला, दोन्हींचा बहार वहीत मांडला, आणि अंदाज चुकला तर तो सोडून दिला, तर तो शास्त्रज्ञच. ती वही घरात आहे का, एवढे पाहावे.